फांदी रुजते तेव्हा...

चैत्र-वैशाखात अलिबाग-मुरूडकडच्या एखाद्या घराच्या अंगणात पाहावे. पांढऱ्या चाफ्याच्या जवळजवळ निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके आलेले असतात. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला मोगरा कळ्यांनी भरलेला असतो. आणि कोरड्या जमिनीतून, एकही पान नसताना, भुईचाफ्याची पांढरी-जांभळी फुले थेट वर येतात. ही तिन्ही झाडे बहुवर्षायू आहेत. त्यांच्यात आणखी एक साम्य आहे. घरोघरी ती सहसा बियांपासून वाढवलेली नसतात. कुणीतरी कुणाला फांदी, कलम किंवा गड्डा दिलेला असतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. आमच्या वाडीतल्या पोफळी मोडल्या, चाफा मुळासकट आडवा झाला आणि एक नारळ नेमका मोगऱ्यावर कोसळला. मोडलेल्या पोफळीचा तुकडा कितीही जपून रोवला तरी त्याची पोफळ होत नाही. चाफ्याच्या फांदीचा मात्र चाफा होतो. हा फरक कशामुळे?

तुकड्यापासून पूर्ण झाड होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, नवा कोंब देणारा जिवंत डोळा. दोन, नवी मुळे तयार करू शकतील अशा पेशी. पोफळीला वाढीचा एकच डोळा असतो, तो शेंड्याला. तो गेला की झाड संपले. तिच्या खोडात कँबियम, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा थर, नसतो. म्हणून श्रीवर्धनी रोठा सुपारीची नवी बाग बियांपासूनच उभी करावी लागते आणि उत्पन्नासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. चाफा आणि मोगरा यांच्या सालीखाली कँबियम असतो. तिथे जखम झाली की पेशी विभागू लागतात, जखमेवर गाठ धरते आणि त्या भागातून मुळे फुटतात.

या मुळांना चालना देते ऑक्झिन हे संप्रेरक. १९२८ साली फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोवळ्या अंकुराचे शेंडे कापून अगारच्या तुकड्यांवर ठेवले. शेंड्यातले द्रव्य अगारमध्ये उतरले आणि नुसत्या त्या अगारनेही अंकुराची वाढ घडवून आणली. हेच द्रव्य फांदीत वरून खाली वाहते आणि खालच्या छेदाशी साठून मुळे फुटण्यास मदत करते, असे पुढे दिसून आले. फांदी उलटी रोवू नये असे जुने माळी सांगतात, त्याचे कारण यात आहे.

मोगऱ्याचे दाब कलम म्हणजे याच ज्ञानाचा व्यवहार. पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीलगतची एक फांदी वाकवावी, पेऱ्याखाली साल थोडी काढावी आणि तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवावा. साल काढल्याने रसवाहिन्या तुटतात. पानांत तयार झालेली साखर आणि शेंड्याकडचे ऑक्झिन तिथेच अडते. आतल्या जलवाहिन्या मात्र शाबूत असल्याने मूळ झाड फांदीला पाणी पुरवत राहते. साधारण दोन महिन्यांत मुळे धरली की फांदी कापून वेगळी लावावी.

चाफ्याच्या फांदीला असा आधार नसतो. वादळानंतर आम्ही काही फांद्या घाईने ओल्या जमिनीत रोवल्या, त्या कुजल्या. उरलेल्यांची पाने काढून त्या आठवडाभर पडवीत ठेवल्या. चीक सुकला, छेद बंद झाला. मग वाळूमिश्रित मातीच्या कुंड्यांत लावून त्या पागोळीपासून दूर ठेवल्या, त्या रुजल्या. पाने काढण्याचे कारण उघड आहे: मुळे नसताना पानांतून पाणी उडत राहिले तर फांदी सुकते. खरे तर हे काम पावसाळ्यात नव्हे, माघ-फाल्गुनात करावे. पण वादळ पंचांग पाहून येत नाही.

भुईचाफा पोफळीप्रमाणेच एकदल वनस्पती आहे, त्यालाही कँबियम नाही. तरी तो तुकड्यांपासून वाढतो, कारण त्याचे जमिनीतले आडवे खोड अनेक डोळे बाळगून असते. हिवाळ्यात पाने सुकल्यावर गड्डा खणून काढावा. प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा ठेवावा, छेदाला राख लावावी आणि तुकडे उथळ लावावेत. मुळांना लटकणारे छोटे कंद हे केवळ अन्नाचे कोठार आहे. त्यांना डोळा नसतो, म्हणून नुसता कंद लावून रोप येत नाही. जमिनीखालचे खोड आणि मूळ यांतला फरक वर्गात दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

नारळाखाली सापडलेला आमचा मोगरा पुन्हा फुटला नाही. तो आजीने लावलेला, भरगच्च पाकळ्यांचा. अशा फुलांत पुंकेसरांच्या जागी पुष्कळदा पाकळ्याच आलेल्या असतात, त्यामुळे सहसा बी धरत नाही. म्हणजे तो वाण गेला म्हणायचा. पण आजीने पूर्वी कधी तरी शेजारच्या काकूंना त्याचे दाब कलम दिले होते. त्यावरून आम्ही पुन्हा एक कलम केले. जनुकांच्या दृष्टीने हे त्या मोगऱ्याचे मूल नव्हे. हा तोच मोगरा आहे. एकसारखेपणात धोकाही असतो, एकाला लागणारा रोग सर्वांना लागू शकतो. पण अशा झाडाला बियांची पेढी नसते. ते चार अंगणांत असेल तरच टिकते.

येत्या पावसाळ्यात शाळेच्या आवारात मोगऱ्याच्या दोन फांद्या दाबून पाहाव्यात, एक साल काढून आणि एक न काढता. दोन महिन्यांनी माती हलकेच बाजूला करून मुळे मोजावीत. चाफा हाताळताना त्याचा चीक डोळ्यांत जाणार नाही एवढी काळजी घ्यावी. आणि रुजलेले एक रोप शाळेत ठेवून दुसरे विद्यार्थ्याच्या घरी द्यावे.