कॅमेरा उसना, नजर मात्र आपली

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले, की त्यांच्या काही वस्तू गावीच राहतात. कुणाची छत्री, कुणाची बॅग, तर कधी कुणाचा कॅमेरा. मोबाईलवर भागू लागल्यापासून चांगले चांगले कॅमेरे कपाटात धूळ खात पडलेत. 'शिमग्याला आलो की नेईन, तोवर बघ वापरून,' असं म्हणत काका तो पुतण्याच्या हाती देतो, आणि इथूनच एखाद्याची हौस सुरू होते.

ही उसनवारी काही नवी नाही. पूर्वी अख्ख्या वाडीत एखादाच कॅमेरा असायचा, बहुधा आगफा क्लिक थ्री. लग्नामुंजीला तो घरोघर फिरायचा. कॅमेरा ज्याचा त्याचा, रोल मात्र मागणाऱ्याचा, असा साधा हिशेब. एका रोलात फोटो बारा. रोल शहरात धुवायला टाकायचा आणि वाट बघत बसायचं. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. आताच्या कार्डात हजारो फोटो मावतात, पण उसन्या कॅमेऱ्याला परत देण्याची तारीख असते. खिशातल्या मोबाईलने 'काढू उद्या' म्हणून राहून गेलेला फोटो या तारखेपायी निघतो. खरा फायदा हाच.

मग पहिला फोटो कुणाचा काढायचा? घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा. घरचं माणूस गेलं, की भिंतीवर लावायला फोटो शोधायची धावपळ सुरू होते. लग्नाच्या घोळक्यातला नाहीतर मतदान ओळखपत्रावरचा एवढासा चेहरा मोठा करून आणतात, आणि ओळखीचं माणूस अनोळखी दिसायला लागतं. त्यापेक्षा आजी ओटीवर फणसाचे गरे सोलत बसली असतानाच कॅमेरा काढावा. 'मेल्या, माझा कसला फोटो? थांब, पातळ बदलून येते,' असं ती म्हणणारच. बदलू द्यावं, पण त्याआधीचाही एक घ्यावा. ओटीवरच्या सावलीत खळ्याकडून येणारा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. तिथे फ्लॅशची गरजच नाही.

त्यानंतर गावातली कामं. लावणीच्या दिवसांत डोक्यावर इरलं घेतलेली माणसं आता विरळाच दिसतात, प्लास्टिक आलंय. रहाट, शेणाने सारवलेलं खळं, मातीच्या भिंतींचं कौलारू घर, हे असेपर्यंत टिपून घ्यावं. मिरकरवाड्याला पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणणं-सांधणं चालतं. हातांचे फोटो घ्यायला याहून चांगली वेळ नाही. मात्र आधी विचारावं. कामातल्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरणं बरं नव्हे. फोटो काढला तर एक प्रत नेऊन द्यावी. दुसऱ्या खेपेला तोच माणूस हाक मारून बोलावतो.

हौशी माणसांच्या पायपिटीतून काय उभं राहतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सड्यावरच्या कातळात कोरलेली चित्रं गावकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी गावोगाव विचारत, सडे तुडवत त्यांची पद्धतशीर नोंद केली. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू यांसह कोकण-गोव्यातल्या नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. अशी चित्रं चिरेखाणीत गेली, की पुन्हा मिळत नाहीत. मग तारीख आणि जागा लिहून ठेवलेला साधा फोटोही पुरावा ठरतो.

कातळशिल्पाचा फोटो दुपारी बारा वाजता काढला, तर नुसता दगड दिसतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावं. तिरप्या उन्हात खाचांच्या कडांना सावली धरते आणि हत्ती, मासा उठून दिसतो. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना लावू नये, खाचांवर पाय देऊ नये. मापासाठी शेजारी पट्टी ठेवली, की पुढे अभ्यासालाही उपयोग होतो.

आता कॅमेऱ्याच्या मालकाची काळजी. भाट्याच्या किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर रेती आणि खार येते, तिथे लेन्स बदलू नये. घरी आल्यावर कॅमेरा बाहेरून किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. आपल्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते. म्हणून तो कातडी पिशवीत कोंडून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. पट्टा गळ्यात असल्याशिवाय मांडवीच्या जेटीवर पाय टाकू नये.

शिमग्याला मालक आला, की कॅमेरा स्वच्छ करून, बॅटरी भरून परत द्यावा. सोबत निवडक फोटो छापून द्यावेत, मागे नाव, गाव, तारीख लिहून. नुसते मोबाईलमध्ये ठेवलेले फोटो मोबाईल बिघडला की जातात. आपल्या आईचा ओटीवरचा फोटो हातात पडल्यावर तो काका कॅमेरा मुंबईला नेईलच, असं काही सांगता येत नाही.