सुट्टीतले खेळ आणि मुलांची जडणघडण

वार्षिक परीक्षा आटोपल्यापासून जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरेपर्यंत मुलांचे करावयाचे काय, हा प्रश्न गोरेगावसारख्या उपनगरात दरवर्षी घरोघर उभा राहतो. एकेकाळी त्याचे उत्तर सोपे होते. निम्मी चाळ कोकणात गावी जाई आणि उरलेली मुले चाळीसमोरच्या अंगणात दिवस काढीत. आज पुष्कळ चाळींच्या जागी उंच इमारती आल्या आहेत आणि अंगणात मोटारी उभ्या असतात. पूर्वेस आरेची झाडी आहे, पश्चिमेस खाडीकाठची खारफुटी आहे. पण मधल्या वस्तीतील सहा वर्षांच्या मुलाला रस्ता न ओलांडता धावता येईल अशी जागा शोधावी लागते.

सुट्टी वाया जाऊ नये म्हणून काही पालक मुलांस सुलेखनाच्या वर्गात घालतात. त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु अक्षर वळणदार होण्यापूर्वी बोटे वळावी लागतात आणि ते काम पाटी-पेन्सिलीपेक्षा सागरगोटे अधिक चांगले करतात. या खेळात एक गोटा वर उडवावयाचा, तो खाली येण्यापूर्वी जमिनीवरचा दुसरा उचलावयाचा आणि त्याच हाताने वरचा झेलावयाचा. पुढे दोन, मग तीन. नजर वरच्या गोट्यावर आणि बोटे खाली, अशी ही कसरत असते. खालचा गोटा स्पर्शाने सापडावा लागतो, शेजारच्या गोट्यास धक्का लागून चालत नाही आणि मनगट नेमक्या क्षणी उलटावे लागते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची जी पकड येथे तयार होते, तीच पुढे लेखणी धरते. भोवऱ्याला जाळी गुंडाळणे, शाडूच्या मातीचा गोळा मळणे, चिंचोके वेचून रांग लावणे, ओला कपडा पिळणे यांतही हेच घडते. उन्हाळ्यात पाण्याचे खेळ मुलांस विशेष प्रिय. एका भांड्यातून दुसऱ्यात न सांडता पाणी ओतणे हा लहानग्यांसाठी उत्तम अभ्यास होय. पाणीटंचाईच्या गावी हेच काम वाळूने करावे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मात्र सागरगोटे वा चिंचोके देऊ नयेत; ती वस्तू तोंडात घालतात.

मोठ्या स्नायूंचे काम लंगडी, लगोरी, विटीदांडू, सूरपारंब्या यांनी होते. मूल साधारणतः चौथ्या वर्षाच्या सुमारास एका पायावर उड्या मारू लागते आणि तोल सावरण्याची ही शक्ती सरावानेच वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी किमान 180 मिनिटांची शारीरिक हालचाल सुचविली असून त्यांपैकी किमान 60 मिनिटे ती दमविणारी असावी, असे म्हटले आहे. पडद्यासमोर बसण्याची मर्यादा मात्र एक तासाची आहे. अनेक घरांत हे प्रमाण नेमके उलटे झाले आहे.

शरीराइतकेच मनही या खेळांत घडते, याकडे आपले लक्ष कमी जाते. मराठी मुलांच्या खेळात ज्याच्यावर ‘राज्य’ येते तो सुखी नसतो, हे प्रशासनात काम करणाऱ्या वाचकांस निराळे सांगावयास नको. ते राज्य कोणावर यावे, हे मुले ‘सुटून’ ठरवितात. तळहात उताणा की पालथा एवढ्यावर निर्णय होतो. तेथे वय, ताकद वा वडिलांचा हुद्दा चालत नाही. ज्याच्यावर राज्य आले तो रडवेला होतो, तरीही खेळ सोडून जात नाही. कारण खेळ सोडला तर उद्या बोलावणे येणार नाही, हे त्यास ठाऊक असते. राग गिळणे, पाळी येईपर्यंत थांबणे, बाद झाल्यावर कडेला बसून दुसऱ्यास ओरडून साथ देणे या गोष्टी उपदेशाने अंगी येत नाहीत. आणि ‘कच्चा लिंबू’! धाकट्या भावंडाला खेळात घ्यावयाचे, पण बाद धरावयाचे नाही, ही सवलत मुलांनी स्वतःच काढली आहे. दुर्बलास सामावून घेण्याचा इतका सुटसुटीत नियम मोठ्यांच्या जगात क्वचितच आढळतो. धाप लागलेल्यास ‘टाइम प्लीज’ म्हणून थांबता येते, आणि त्याचा गैरफायदा घेणाऱ्यास मुलेच वठणीवर आणतात.

म्हणून मोठ्यांनी प्रत्येक भांडणात पंच होऊ नये. इजा होण्याचा संभव दिसला तरच मध्ये पडावे. बक्षिसेही लहान वयात नकोत, असे माझे मत आहे. स्पर्धेला तिचे वय असते. 1972 साली स्थापन झालेल्या ‘प्रबोधन गोरेगाव’ने आंतरशालेय क्रीडामहोत्सवाची जी परंपरा उभी केली, ती शाळकरी खेळाडूंसाठी मोलाची आहे, पाच वर्षांच्या मुलाला मात्र लगोरी रचली गेली, एवढाच विजय पुरतो.

खर्चाची अडचण पुढे करण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात बिया, पाने, शंख-शिंपले हेच साहित्य होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात, गुरे चारावयाच्या कुरणातही नेली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. गोरेगावात आज अंगणच उरले नसल्याने प्रश्न जागेचा आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण आवश्यक मानले आहे. पण मुलांस सर्वाधिक मोकळीक असते त्या मे महिन्यात बहुतेक शाळांच्या फाटकांस कुलूप असते. गावोगावी चित्र फारसे वेगळे नाही. ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी एकत्र बसून ठराव केला, तर हे कुलूप निघू शकते.

वेळ सकाळी दहापूर्वीची किंवा सायंकाळी पाचनंतरची ठेवावी. पिण्याचे पाणी जवळ असावे. काचा व खिळे आधी वेचून घ्यावेत. धावू न शकणाऱ्या मुलास गुण मांडावयास बसवून ठेवू नये. लगोरीवर चेंडू त्याने मारावा आणि जोडीदाराने धावावे. साहित्य म्हणजे फुटक्या फरशीचे सात तुकडे, एक चेंडू, आखण्यासाठी खडू. याशिवाय रोज दोन तास किल्ली घेऊन येणारी एक व्यक्ती लागेल. तिच्या मानधनाची तरतूद मात्र ठरावातच करून ठेवावी.