ॲन रॉयल : पंचावन्नाव्या वर्षी हाती घेतलेली लेखणी

१८२४ मध्ये ॲन रॉयल वॉशिंग्टनला आली ती पेन्शन मागायला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या मेजर विल्यम रॉयल यांची ती विधवा. वय पंचावन्नच्या घरात, गाठीला पैसा नाही. पेन्शन मिळेना, तेव्हा तिने पोटासाठी लिहायला घेतले आणि अमेरिकेतल्या अगदी पहिल्या व्यावसायिक स्त्री-पत्रकारांत तिची गणना झाली.

जन्म १७६९ चा, मेरीलँडमधला. बालपण पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरच्या वस्त्यांत गेले. पुढे पोरकी मुलगी आणि विधवा आई व्हर्जिनियात मेजरांच्या घरी कामाला राहिल्या. मेजर श्रीमंत आणि पुस्तकवेडे. त्यांनी मोलकरणीच्या या मुलीला आपले ग्रंथालय मोकळे करून दिले. व्हॉल्तेअर, थॉमस पेन तिने तिथेच वाचले. १७९७ मध्ये दोघांनी लग्न केले. मेजर गेल्यावर मात्र त्यांचे भाऊबंद कोर्टात गेले. लग्न बेकायदा, मृत्युपत्र बनावट, असा त्यांचा दावा. सात वर्षे कज्जा चालला, मृत्युपत्र रद्द झाले आणि ॲन उघड्यावर आली.

आगाऊ वर्गणी जमवून पुस्तक छापायचे, असा तेव्हा रिवाज होता. ॲन गावोगाव फिरे, वर्गणीदार नोंदवी आणि त्याच फेरीत पुढच्या पुस्तकाचा मजकूर गोळा करी. पहिले प्रवासवर्णन १८२६ मध्ये आले. पाठोपाठ ‘ब्लॅक बुक’चे तीन खंड आणि अलाबामातून लिहिलेली पत्रे. रस्ते, खानावळी, तुरुंग, पोशाख, गावागावची बोली, सगळे तिने टिपले. माणसांची शब्दचित्रेही नावानिशी काढली. वर्गणी देणाऱ्याचे कौतुक, दार लावणाऱ्याची खरडपट्टी! पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन क्विन्सी ॲडम्स तिचे वर्गणीदार होते. ते नदीत पोहत असताना त्यांच्या कपड्यांवर बसून तिने मुलाखत मिळवली, हा किस्सा मात्र दंतकथाच.

धर्म आणि सरकार वेगळे राहावेत, यावर ती ठाम होती. शेजारच्या सरकारी बंबखान्यात प्रार्थनासभा भरू लागल्या, तशी तिची जीभ सुटली. १८२९ मध्ये ‘भांडखोर बाई’ म्हणून तिच्यावर खटला भरला गेला. जुन्या इंग्रजी कायद्यात या गुन्ह्याला खुर्चीत बांधून पाण्यात बुचकळण्याची शिक्षा होती. न्यायाधीशांनी ती टाळून १० डॉलर दंड केला. तो दोन पत्रकारांनी भरला.

दोन वर्षांनी, १८३१ च्या डिसेंबरात, तिने स्वतःचे साप्ताहिक काढले. नाव ‘पॉल प्राय’, एका इंग्रजी प्रहसनातल्या भोचक पात्राचे. घरातच जुने छपाईयंत्र, खिळे जुळवायला अनाथ मुले, सोबतीला मैत्रीण सॅली स्टॅक. लाचखोरी आणि सरकारी उधळपट्टीवर ती तुटून पडे. नाराज पोस्टमास्तर अंक पोचवत नसत. वर्गणीची ओढाताण कायमची. १८३६ मध्ये याच्या जागी ‘द हंट्रेस’ आले.

१८४८ च्या कायद्याने पेन्शन मिळाली, १,२०० डॉलर एकरकमी. त्यातलाही मोठा वाटा नवऱ्याचे नातलग घेऊन गेले. अंक मात्र निघतच राहिला, जुलै १८५४ पर्यंत. त्याच ऑक्टोबरात, ८५ व्या वर्षी, ती वारली.

तिच्या लेखनात आकस आहे, गावगप्पाही आहेत. पण वारसा कोर्टात गमावलेल्या या बाईने सुमारे २३ वर्षे स्वतःच्या छापखान्यातून राजधानीला जाब विचारला, आणि त्यासाठी कुणा पक्षाची मिंधी झाली नाही.