अडीचचा कंडेन्सर आणि दुरुस्तीचा हक्क

छताचा पंखा हळू फिरायला लागला की आपण काय करतो? चारकोपमध्ये तरी उत्तर सोपं आहे. सेक्टरमधल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात जायचं, "अडीचचा कंडेन्सर द्या" म्हणायचं आणि वायरमनला बोलवायचं. थोड्या वेळात पंखा पूर्वीसारखा. पंखा कुठल्या कंपनीचा आहे, हे दुकानदार विचारतही नाही. त्याचं हे न विचारणं फार मोलाचं आहे, आणि ते आपल्या हातून निसटत चाललंय. आजचा लेख त्याबद्दल.

आधी थोडं विज्ञान. घरात येणारी वीज सिंगल फेज असते. नुसत्या तिच्यावर पंख्याची मोटर स्वतःहून फिरायला सुरुवात करू शकत नाही, कारण तयार होणारं चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी उलटसुलट होत राहतं, गोल फिरत नाही. म्हणून मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात. कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकवतो आणि क्षेत्र गोल फिरायला लागतं. या कंडेन्सरच्या आत प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर धातूचा त्याहून पातळ थर. व्होल्टेजच्या झटक्याने फिल्ममध्ये कुठे दोष निर्माण झाला, तर तिथला धातू जळून उडतो आणि शॉर्ट व्हायचं टळतं. म्हणजे तो स्वतःची मलमपट्टी स्वतःच करतो, पण दर वेळी थोडं क्षेत्रफळ गमावतो. असं होत होत अडीच मायक्रोफॅरडचा दीड-पावणेदोन उरतो आणि पंखा मंदावतो.

थोडक्यात, मोटर धडधाकट असते, एक स्वस्त भाग थकलेला असतो. तो भाग कुठल्याही कंपनीचा चालतो, कुठेही मिळतो, आणि बसवण्याचं ज्ञान गल्लीतल्या वायरमनकडे असतं.

आता नवा बीएलडीसी पंखा घ्या. साधा पंखा साधारण ७०-७५ वॅट खातो, हा ३० वॅटच्या आसपास. बिल कमी येतं, पर्यावरणालाही बरं. माझा त्याला अजिबात विरोध नाही. पण यात कंडेन्सरच्या जागी एक इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड मोटर चालवतो. तो प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा वेगळा. बोर्डवरचा एखादा छोटा भाग जरी गेला, तरी उत्तर बहुतेक वेळा "पूर्ण बोर्ड बदलावा लागेल" असं येतं. वॉरंटी संपलेली असेल आणि कंपनीने ते मॉडेल बंद केलं असेल, तर चांगल्या पात्यांचा, चांगल्या मोटरचा पंखा भंगारवाल्याकडे. वायरमन तोच, हात तेच. सर्किटचा नकाशा आणि सुटा भाग मात्र त्याला मिळत नाही.

मी पीएचडीत लिथियम-आयन बॅटरी म्हातारी कशी होते याचा अभ्यास करते, म्हणून फोनचंही सांगते. बॅटरी चार्ज-डिस्चार्ज होताना तिच्या एका इलेक्ट्रोडवर एक थर साचत जातो. तो बनताना लिथियम अडकून पडतं आणि परत कामाला येत नाही. फोनच्या बऱ्याच बॅटऱ्यांची क्षमता सुमारे ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येते. हा बिघाड नाही, रसायनशास्त्र आहे. म्हणजे बॅटरी बदलावी लागणार, हे फोन बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी ती गोंदाने चिकटवलेली असते, आणि काही फोन बाहेरचा भाग बसवला की सूचना दाखवत राहतात किंवा काही सोयी बंद करतात. स्मार्टफोनच्या आयुष्यातलं सर्वाधिक कार्बन उत्सर्जन तो बनवताना होतं, वापरताना नाही. त्यामुळे फोन दोन वर्षं जास्त वापरणं, हा त्याच्याबाबतीत करता येण्यासारखा सगळ्यात मोठा पर्यावरणीय उपाय आहे.

दुरुस्तीचा हक्क म्हणजे काय, तर तीन गोष्टी मिळण्याचा हक्क: सुटे भाग, माहिती आणि हत्यारं. परदेशात यावर बोलताना बहुधा मालक स्वतःच्या घरात वस्तू उघडतोय असं चित्र असतं. आपल्याकडे मुख्य माणूस कोपऱ्यावरचा कारागीर आहे. हक्क नाकारला, की आपला खर्च वाढतो आणि त्याचा धंदा बसतो.

भारतात याची एक मोठी लढाई गाड्यांवरून झाली. कार कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात देत नाहीत, तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. पुढे अपिलं झाली, पण सुटा भाग अडवून ठेवणं हा बाजारातला गैरव्यवहार ठरू शकतो, हे तेव्हा स्पष्ट झालं.

नंतर जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही तिची क्षेत्रं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. २०२५ मध्ये आणखी एका समितीने दुरुस्ती-निर्देशांकाचा आराखडा दिला: वस्तू किती सहज उघडते, माहिती, सुटे भाग, हत्यारं, स्क्रू आणि सॉफ्टवेअर अपडेट यांवर गुण, सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून. फ्रान्समध्ये असे दहापैकी गुण जानेवारी २०२१ पासून वस्तूच्या किमतीशेजारी दिसतात. आपल्याकडे मात्र हे लिहीपर्यंत दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा नाही.

मग चारकोपने काय करायचं? ही वस्तीच मुळात दुरुस्तीच्या वृत्तीतून उभी राहिली आहे. १९८५ च्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात, जागतिक बँकेच्या कर्जातून, म्हाडाने इथे तयार घरांऐवजी मुख्यतः पाणी, गटार, रस्ता असलेले छोटे प्लॉट दिले. घर लोकांनी ऐपतीप्रमाणे बांधलं: आधी एक खोली, मग माळा, मग मजला. ते शक्य झालं, कारण वीट, सिमेंट, गवंडी कुणाच्या मक्त्यात नव्हते.

ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली पहिला 'रिपेअर कॅफे' भरला. बंगळूरमध्ये २०१५ पासून भरतोय. आपल्या सोसायट्यांना चौक आहेत, शेजारी औद्योगिक वसाहत आहे, निवृत्त फिटर आहेत, आयटीआयची मुलं आहेत. महिन्यातून एक रविवार सकाळ पुरे. फक्त कारागिराला फुकट राबवायचं नाही. त्याच्या कामाचे पैसे द्यायचे, शिकणाऱ्यांनी शेजारी बसायचं. फुगलेली बॅटरी उघडायची नाही आणि मेनवरच्या वस्तूला जाणकारानेच हात लावायचा.

आणि एक वही ठेवायची. वस्तू, मॉडेल, वय, काय बिघडलं, भाग मिळाला का, किती दिवसांनी, केवढ्याला. दुरुस्त झाली नाही तर का नाही. 'ओपन रिपेअर अलायन्स' या जाळ्यातले वेगवेगळ्या देशांतले गट अशाच नोंदी एका ठरलेल्या पद्धतीने ठेवतात. त्या एक लाखाच्या वर गेल्या आहेत आणि धोरण ठरवणाऱ्यांपुढे पुरावा म्हणून मांडल्या जातात. "हल्लीच्या वस्तू टिकत नाहीत" ही आपली कुरकुर झाली. "या मॉडेलच्या नऊपैकी सात पंख्यांचा बोर्ड मिळाला नाही" असं वहीतून दाखवता आलं, तर ती तक्रार होते. वाजवी किमतीत भाग नाकारला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर ती नोंदवता येते.

पुढची वस्तू घेताना दुकानात तीन प्रश्न विचारा. हिचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? बाहेरच्या कारागिराला मिळतील का? बॅटरी किंवा बोर्ड बदलायला किती खर्च येईल? विक्रेत्याला बहुधा उत्तरं येणार नाहीत. तरी विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, की तो कंपनीच्या माणसाला विचारायला लागेल.