‘बुल’ : एक शब्द, दोन कुळे

गेल्या वर्षी उत्तरपत्रिका तपासण्याचे काम चालू असता इतिहास विभागातील एका सहकाऱ्याने एक उत्तर माझ्यापुढे ठेवले. प्रश्न युरोपातील धर्मसुधारणेवर होता आणि विद्यार्थ्याने लिहिले होते, ‘१५२० साली मार्टिन ल्यूथरने पोपचा बैल सर्वांसमक्ष जाळला.’ प्राध्यापकांच्या खोलीत अर्थातच हशा पिकला. हसू ओसरल्यावर मात्र मनात आले, की या मुलाचा अपराध तरी कितीसा? इंग्रजी पुस्तकात त्याने ‘बुल’ हा शब्द वाचला, त्याचा सर्वांत परिचित अर्थ घेतला आणि तो मराठीत उतरवला. त्या शब्दाने आजवर भल्याभल्यांना चकवले आहे. किंबहुना तो आजही चकवतो आहे, आणि ती फसगत एका गुणाच्या नुकसानीपुरती राहत नाही. म्हणूनच या शब्दाची वंशावळ जरा तपासून पाहणे उचित ठरेल.

प्रथम जनावराविषयी. इंग्रजीतील ‘बुल’ म्हणजे बैल नव्हे. तो वळू. शेतीप्रधान समाजाची भाषा म्हणून मराठीने गोऱ्हा, खोंड, वळू, पोळ आणि बैल असे भेद काटेकोरपणे जपले आहेत. नांगराला जुंपला जाणारा, खच्ची केलेला, शांत झालेला तो बैल. त्याला इंग्रजीत ‘बुलक’ म्हणतात. ‘बुल’ हा शब्द उत्तर युरोपातील जर्मानिक भाषांचा. जुन्या नॉर्स भाषेत तो ‘बोली’ या रूपात आढळतो, तर जर्मन भाषेत आजही ‘बुले’ असाच आहे. दांडगाई, माज आणि आवरता न येणारी ताकद या साऱ्या भावच्छटा त्याला या जनावराकडून मिळाल्या.

पोपचा ‘बुल’ मात्र या गोठ्यातला नव्हेच. लॅटिनमध्ये ‘बुल्ला’ म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा. बुडबुड्यासारख्या गोल वस्तूलाही पुढे तेच नाव पडले. पोपच्या आज्ञापत्राला शिशाची जी गोल मुद्रा लटकवीत, तीही ‘बुल्ला’च, आणि मुद्रेचे नाव कालांतराने आज्ञापत्रालाच चिकटले. १४९३ साली पोप सहावा अलेक्झांडर याने नव्या जगावरील स्पेनच्या हक्काला मान्यता दिली ती अशाच ‘बुल’द्वारा. सम्राट चौथा चार्ल्स याने १३५६ साली सम्राटाच्या निवडणुकीचे नियम ठरवून दिले, तो दस्तऐवज मुद्रा सोन्याची असल्यामुळे ‘गोल्डन बुल’ म्हणून प्रसिद्ध झाला. ल्यूथरने जाळले ते असेच एक आज्ञापत्र होते.

या लॅटिन बुडबुड्याचा वंशविस्तार थक्क करणारा आहे. बंदुकीची ‘बुलेट’, वार्तापत्राचे ‘बुलेटिन’, संसदेत मांडले जाणारे ‘बिल’ आणि महिन्याच्या आरंभी आपल्या दाराशी येऊन पडणारे विजेचे ‘बिल’ ही सारी त्याचीच संतती. एकाच गावात एकाच आडनावाची दोन घराणी असावीत आणि त्यांच्यात सोयरसुतक मात्र नसावे, तसा हा प्रकार आहे.

याखेरीज नावापुरते नाते सांगणारे इतर शब्द आहेतच. ‘बुली’ म्हणजे दुबळ्यांना छळणारा गुंड. परंतु सोळाव्या शतकात हाच शब्द प्रिय व्यक्तीसाठी वापरला जाई. तो डच भाषेतून आला आणि वळूशी त्याचा मुळात संबंध नाही. ‘बुलडॉग’चे नाते मात्र खरे. बांधून ठेवलेल्या वळूवर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ इंग्लंडमध्ये चाले. १८३५ साली कायद्याने त्यावर बंदी आली. जॉन अर्बथनॉट याने १७१२ साली आपल्या उपहासलेखनातून ‘जॉन बुल’ हे पात्र उभे केले आणि इंग्रज माणसाला एक कायमचा चेहरा मिळाला. ‘बुलडोझर’चा इतिहास तर अंगावर काटा आणणारा आहे. १८७६ च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मतदारांना मारझोड करून धाक घालण्याला ‘बुलडोझ’ करणे म्हणत. मातीचे ढिगारे सारणारे यंत्र पुढे आले. दहशत आधीची आहे.

आता अर्थशास्त्राच्या शिक्षकाचा ज्याच्याशी नित्य संबंध येतो, त्या शेअरबाजारातील ‘बुल’कडे वळू. वळू शिंगांनी वर उडवतो म्हणून तेजीवाला ‘बुल’ आणि अस्वल पंजाने खाली ओढते म्हणून मंदीवाला ‘बेअर’, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते आकर्षक आहे; पण ते मागाहून जुळवलेले दिसते. बाजारात आधी आले ते अस्वल. अस्वल मारण्यापूर्वीच त्याचे कातडे विकू नये, अशा अर्थाची एक जुनी म्हण युरोपात आहे. आपल्याकडील ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ या म्हणीची ती दूरची बहीण म्हणावी लागेल. अठराव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमध्ये हाती नसलेले शेअर आधी विकून, भाव उतरल्यावर ते स्वस्तात घेऊ पाहणाऱ्यांना म्हणूनच अस्वलाच्या कातड्याचे व्यापारी म्हणू लागले. त्यांचा प्रतिपक्ष म्हणून काही वर्षांतच ‘बुल’ रिंगणात उतरला. पदरी पुरेसा पैसा नसताना केवळ भाव चढेल या आशेवर खरेदी करणारा, असा त्याचा आरंभीचा अर्थ होता. म्हणजे हे नाव सामर्थ्याचे नसून उसन्या अवसानाचे होते!

आणि येथेच भाषेने एक विलक्षण योग साधला. १७२० साली साउथ सी कंपनीचा शेअर वर्षारंभी सुमारे १२८ पौंडांवर होता. उन्हाळ्यात तो हजाराच्या घरात गेला आणि वर्ष संपण्यापूर्वी दोनशेच्याही खाली कोसळला. पोळलेल्यांत सर आयझॅक न्यूटन यांच्यासारखा गणितज्ञही होता. या प्रकरणाला इतिहासाने नाव दिले ‘बबल’, म्हणजे बुडबुडा. वळूचा ‘बुल’ आणि बुडबुड्याचा ‘बुल्ला’ यांचे रक्ताचे नाते नाही, हे वर सांगितलेच. परंतु व्युत्पत्तीने जे नाते नाकारले, ते बाजाराने जुळवून दिले. तेव्हापासून उधळलेल्या वळूच्या मागोमाग बहुधा बुडबुडा येतो.

मुंबईने हा अनुभव वारंवार घेतला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात ओतला गेला आणि १८६५ साली युद्ध संपताच शेअरांचा डोलारा कोसळला. जुनी बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही. १८६८ साली तिच्या जागी नवी बँक स्थापावी लागली. १९९१ च्या प्रारंभी हजाराच्या आसपास असलेला सेन्सेक्स २२ एप्रिल १९९२ रोजी ४४६७ वर पोहोचला, तेव्हा हर्षद मेहता याला ‘बिग बुल’ ही पदवी बहाल झाली होती. गैरव्यवहार उघडकीस आला आणि २८ एप्रिल रोजी एकाच दिवसात निर्देशांक पावणेतेरा टक्क्यांनी घसरला. २००८ च्या जानेवारीत दलाल स्ट्रीटवर सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवलेला ब्राँझचा देखणा वळू उभा राहिला. शिल्प उत्तम, मुहूर्त मात्र विचित्र. त्याच महिन्यात २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स कोसळू लागला आणि ऑक्टोबरात ९ हजारांच्याही खाली आला.

हा सारा शब्दविचार आज करण्याचे कारण माझ्या वर्गातच आहे. तास संपल्यावर विद्यार्थी मागणी-पुरवठ्याबद्दल विचारीत नाहीत. ‘सर, बुल रन अजून किती दिवस?’ असे विचारतात. एकाने परीक्षा शुल्कासाठी घरून आलेले पैसे मोबाइलवरील ऑप्शन्सच्या व्यवहारात घालवले होते आणि तो ते सांगताना ओशाळलेलाही नव्हता. पुढच्या खेपेस भरून काढीन, म्हणाला. ‘सेबी’ने २०२४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेली पाहणी सांगते, की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. या तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक भरते. २०२३-२४ मध्ये अशा व्यवहार करणाऱ्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतील होते.

उद्योगधंद्यात दीर्घकाळ भांडवल गुंतवणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिला माझा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु शब्द माणसाच्या विवेकावर कसे आरूढ होतात, ते पाहावे. ‘तेजी’ आणि ‘मंदी’ हे आपले जुने शब्द भावाची अवस्था सांगून थांबतात. ‘बुल’ तसे थांबत नाही. तो खरेदी करणाऱ्याला पराक्रमी ठरवतो. महिन्याच्या पगारातून चार पैसे बाजूला टाकणाऱ्या माणसाला क्षणभर आपणच वळू झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात, दुसऱ्याच्या ढोलकीवर मान डोलावणाऱ्या नंदीबैलाची भूमिकाच त्याच्या वाट्याला येते.

‘सेबी’ने २०२४ च्या नोव्हेंबरापासून निर्देशांकांवरील करारांचे किमान मूल्य १५ लाख रुपयांवर नेले व इतरही निर्बंध घातले. त्यांचे स्वागतच आहे; पण ‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण येथे आठवल्याखेरीज राहत नाही. गोठ्याचे दार वेळेवर लावण्याचे काम वर्गातही व्हावयास हवे. शिकवणाऱ्याने शब्द त्याच्या पूर्ण अर्थासह, त्याच्या इतिहासासह आणि त्यात दडलेल्या धोक्यासह विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा.

पोपच्या ‘बैला’पायी त्या विद्यार्थ्याचा एक गुण गेला. बाजारातल्या ‘बुल’चा अर्थ चुकला, तर जाते ती बापाच्या घामाची कमाई, आणि तिथे फेरतपासणीचा अर्ज करता येत नाही.