मातीचे पैसे

पृथ्वीच्या गोलावर नऊरू देश शोधायला मला दोन मधल्या सुट्ट्या लागल्या. पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या जरा खाली तो आहे. क्षेत्रफळ फक्त २१ चौरस किलोमीटर. आपले आणि शेजारच्या गावाचे शिवार मिळून तेवढे होईल, असे गुरुजी म्हणाले.

या बेटावर फॉस्फेटचा दगड होता. आपण शेतात सुपर फॉस्फेट टाकतो ना, ते असल्याच दगडापासून करतात. १९०७ पासून जहाजे भरभरून तो बाहेर जाऊ लागला. त्यावर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडची शेते पिकली. नऊरूच्या लोकांना त्यातले थोडेच मिळे. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, पुढे खाणीही हातात आल्या. मग काय, पैसाच पैसा! माणशी उत्पन्नात नऊरू जगातल्या श्रीमंत देशांत जाऊन बसला. सरकारने विमाने घेतली, मेलबर्न शहरात ५२ मजली इमारत बांधली.

पण दगड काढताना वरची माती आणि झाडे गेली. पाचांतले चार भाग बेट खणून निघाले. तिथे चुनखडीचे सुळके उभे आहेत, त्यांत नांगर कसा चालणार? दगड सरत आला तसा पैसाही आटला. ती इमारत २००४ साली विकावी लागली. जगाला खत देणारा देश आज स्वतःचे धान्य जहाजाने आणतो.

मी विचारले, "गुरुजी, मग ते श्रीमंत होते ते खोटं का?" त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. देशाच्या उत्पन्नात विकलेला दगड जमा धरतात, पण जमिनीतून कमी झालेला दगड वजा करत नाहीत. दूध विकले ते उत्पन्न, आणि गाय विकली तरी तेही उत्पन्नच, असा तो प्रकार!

हे लिहायचे कारण म्हणजे आमच्याकडे वीटभट्टीवाले आले होते. ओढ्याकाठच्या तुकड्यातली दोन फूट माती मागतात. आप्पांना विहिरीचे कर्ज फेडायचे आहे, म्हणून त्यांचेही चूक नाही. रात्री मी पाटीवर हिशेब मांडला. जमेला भट्टीचे पैसे, खर्चाला दरवर्षीची ज्वारी आणि हरभरा. पण किती वर्षांची ज्वारी धरायची ते काही जमेना. आप्पा म्हणाले, "ती जागा कोरीच ठेव."

आजीने विचारले, "त्या बेटावर परत माती टाकत न्हाईत का?" मी सांगितले, १९९३ साली ऑस्ट्रेलियाने भरपाई कबूल केली, जमीन सुधारायचे कामही काढले, पण अजून थोडाच तुकडा झालाय.

वीटभट्टीवाले संक्रांतीनंतर परत येणार आहेत.

— इयत्ता सातवी