पुस्तक, कॅसेट, तिकीट मोबाईलवर गेले. आपल्या दुकानाचे काय?

गेल्या लगनसराईत कळमनुरीकडच्या एक बाई दुकानात आल्या. चार-पाच ड्रेस पीस उलगडून पाहिले, कापड चोळून पाहिले, रंग जाईल का ते विचारले आणि मग पर्समधून मोबाईल काढून म्हणाल्या, "चाचा, असाच पीस यात दीडशे रुपयांनी स्वस्त आहे." मला राग आला. दुकानात हात लावून बघायचे आणि माल बाहेरून मागवायचा, हे गाऱ्हाणे आज कापडवाल्यांच्या बैठकीत रोज निघते. मी काही बोलणार इतक्यात कुरिअरचा मुलगा आत आला आणि त्याने गल्ल्यावर माझ्याच नावाचे पार्सल ठेवले. त्यात उर्दूची दोन पुस्तके होती, मीच मोबाईलवरून मागवलेली. बाई हसल्या. मी गप्प बसलो.

पुस्तक बाहेरून मागवणारा मी, गिऱ्हाईकाला कोणत्या तोंडाने बोलणार? म्हणून या धंद्याचा नीट विचार करावा असे ठरवले.

व्ही. पी. ची आठवण

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. शाळेची पुस्तके कशीबशी मिळत, पण वाचनाची उर्दू पुस्तके गावात कोठून येणार? 'खिलौना' आणि 'शमा' ही मासिके दिल्लीहून डाकेने येत. पुस्तक हवे असेल तर मक्तबा जामियाला पोस्टकार्ड लिहायचे. मग व्ही. पी. येई, पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि पार्सल घ्यायचे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'माल मिळाल्यावर पैसे' ही सोय सुरू केली तेव्हा तरुण मुलांना ती नवलाची वाटली. आमच्या वडीलधाऱ्यांना ती व्ही. पी. च वाटली असती.

उर्दू वाचकाला गावात पर्याय नव्हता आणि आजही फारसा नाही. २०१३ साली सुरू झालेल्या 'रेख्ता'वर तर जुनी उर्दू पुस्तके मोबाईलवर फुकट वाचता येतात. मराठी पुस्तकांसाठी पुण्याचे 'बुकगंगा' आहे. याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही.

आधी हाच माल का गेला?

अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने जुलै १९९५ मध्ये पुस्तके विकायला सुरुवात केली आणि १९९८ मध्ये संगीत व चित्रपट आणले. आपल्याकडे बंगळूरच्या फॅबमार्टने १९९९ मध्ये संगीतापासून आरंभ केला. फ्लिपकार्टही २००७ मध्ये पुस्तकांवरच उभे राहिले. सगळ्यांनी एकाच मालापासून सुरुवात का केली?

कारण साधे आहे. एका पुस्तकाची प्रत मुंबईत घ्या की औंढ्यात, अक्षर तेच. एका कॅसेटमधले गाणे सेनगावातही तेच. माल हाताने तपासावा लागत नाही, नाव सांगितले की पुरे. शिवाय पुस्तके लाखो प्रकारची असतात, एवढा माल कोणत्याही एका दुकानात मावत नाही. जो माल सगळीकडे सारखा, त्यात गिऱ्हाईक फक्त भाव आणि सोय बघणार. हा नियम कापडवाल्याने भिंतीवर लिहून ठेवावा.

विक्री गेली, भाडे आले

कॅसेटवाल्यांचे काय झाले ते आपण पाहिले. टी-सिरीजच्या स्वस्त कॅसेटींनी गावोगावी दुकाने उभी केली. मग सीडी आली. मोझर बेअर कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना विकली. तोही माल गेला. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये गाणी सुटी विकायला 'फ्लाईट' नावाचे दुकान काढले आणि २०१३ मध्ये बंद केले. एवढ्या मोठ्या कंपनीलाही ती विक्री चालवता आली नाही.

आज मोबाईलवर महिन्याचे पैसे भरून गाणी ऐकतात, चित्रपट बघतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे भाडे आहे, खरेदी नाही. पैसे भरणे थांबले की हातात काही उरत नाही. जुनी कॅसेट निदान पेटीत राहत असे. पैसे भरताना मुलांना एवढा फरक समजावून सांगावा आणि दरमहा आपोआप कापले जाणारे पैसे खात्यात तपासावेत.

तिकिटात फसगत

रेल्वेचे तिकीट २००२ पासून इंटरनेटवर मिळू लागले. सिनेमा आणि कार्यक्रमांची तिकिटेही मोबाईलवर आली. सोय मोठी आहे, पण तिकिटाच्या भावावर 'सोयीची फी' वेगळी लागते. अशी फी घेण्यास मनाई करणारे २०१३ व २०१४ चे शासकीय आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले. म्हणून शेवटची बेरीज पाहूनच पैसे भरावेत.

माझ्या पुतण्याला हैदराबादच्या एका कार्यक्रमाला जायचे होते. तिकिटे संपली होती. "माझ्याकडे दोन जास्तीची आहेत" असे सांगणारा कोणी मोबाईलवर भेटला. पुतण्याने १,८०० रुपये पाठवले. तिकिटाचा फोटो आला, पण दारावर कळले की त्याच तिकिटावर कोणी आधीच आत गेले आहे. फोटोतले तिकीट दहा जणांना विकता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमाची तिकिटे अशीच अवाच्या सवा भावाने फिरली. आयोजकाने सांगितलेल्या ठिकाणाशिवाय तिकीट घेऊ नये.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळणे कठीण. माल चुकीचा आला तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवाडा करायचा आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनी बंगळूरची असली तरी बंगळूरला जावे लागत नाही.

आपण काय करावे?

आपल्या दुकानात दोन प्रकारचा माल आहे. शिक्क्याचा, ठरलेल्या मापाचा, पाकिटबंद माल पुस्तकासारखा आहे. तो मोबाईलकडे जाणारच. त्यात भांडवल अडकवू नये. दुसरा माल थानाचा. त्याला हात लावावा लागतो, रंग उजेडात बघावा लागतो, अस्तर जुळवावे लागते. तेथे आपली गरज आहे. तसेच दर्जी, रफूवाले, जरीकाम करणारे यांचेही आहे. त्यांचे मोबाईल क्रमांक दुकानात लावावेत, म्हणजे गिऱ्हाईकाला कापड आणि शिलाई एका ठिकाणी मिळेल. ज्या कारागिरांचा माल खास आहे त्यांनी बाहेर विकूनही पाहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतील लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय राज्यांतर्गत विक्री अशा कंपन्यांमार्फत करता येते. मात्र परत येणाऱ्या मालाचा खर्च आधी धरावा.

त्या बाई आठ दिवसांनी पुन्हा आल्या. पार्सलमधला पीस सलवारीला पाऊण मीटर कमी पडत होता आणि रंग फोटोपेक्षा गडद होता. जुळणारे कापड शोधायला अर्धा तास गेला. मी पाऊण मीटर कापून दिले, भाव नेहमीचाच लावला आणि मागचे काही बोललो नाही. जाताना त्यांनी मुलीच्या लग्नाची तारीख सांगितली. ती खरेदी आमच्याकडेच झाली. राग गिळला म्हणून ते गिऱ्हाईक टिकले, एवढे मला माझ्याच पार्सलाने शिकवले.